अर्जदार: तहसीलदार मोहिते

सशाचं नाव तहसीलदार होतं. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. आठ वर्षांपूर्वी केतकीनं त्याला मैत्रिणीकडून बुटाच्या खोक्यात घालून आणलं, त्याच दिवशी तिचे वडील धनाजी मोहिते सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करून घ्यायला सहाव्यांदा कचेरीत जाऊन आले होते. घरी येऊन पाहतात तर खोक्यात एक गुबगुबीत गृहस्थ बसलेले. हाक मारली तर बघत नाहीत, जागचे हलत नाहीत, समोर ठेवलेला कागद मात्र तत्काळ गिळतात. "हे तर तहसीलदार," धनाजी म्हणाला, आणि बारसं उरकलं. पुढं घरात सगळे त्याला साहेब म्हणू लागले. साहेबांनी कधी हरकत घेतली नाही.

आता साहेबांच्या जबड्यात गळू झालं होतं, आणि ते हाडात उतरलं होतं.

"बसा मोहिते," डॉ. नसीम मुल्ला म्हणाल्या. कराडात सशाला हात लावणाऱ्या त्या एकट्याच डॉक्टर. बाकीचे म्हशीच्या खाली उतरायला तयार नसत.

"ऑपरेशन करा की मॅडम."

"आठ वर्षं म्हणजे सशाचं म्हातारपण. भूल दिली तर उठेलच असं नाही. उठला तरी हे परत येणार. दुखण्यावरचं औषध देतेय, पण त्यानं आता भागत नाही. ऐका जरा. दात करकरतोय, येतंय ऐकू?"

धनाजीनं कान दिला. टेबलावर अंग आखडून बसलेल्या सशातून बारीक करकर येत होती, लांबून कुणी खडीवरून सायकल ढकलत नेत असल्यासारखी.

"ससा ओरडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जो ओरडतो तो आधी खाल्ला जातो. त्यामुळं दुखणं लपवायची यांची पिढ्यान् पिढ्यांची सवय. हा एवढा आवाज करतोय म्हणजे लपवणं आता जमत नाही त्याला."

त्यांनी एक फॉर्म पुढं सरकवला. प्राण्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं तर चार वर्षांपासून हा फॉर्म लागत होता. त्यात मधोमध एकच प्रश्न होता: निर्णय कोणाचा? खाली दोन चौकोन. पहिल्यापुढं लिहिलं होतं 'मालकाचा', दुसऱ्यापुढं 'प्राण्याचा'.

"पहिल्यात टिक केलीत तर आजच सुटेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर केली असती. दुसऱ्यासाठी यंत्र आहे."

यंत्राचं नाव आसमापी. त्यामागचा शोध तसा साधा होता. कुत्रं जेवताना शेपूट हलवत नाही, जेवण यायच्या आधी हलवतं. सुख पदरात पडण्याआधीच मेंदू त्याच्या तयारीला लागतो, आणि त्याच्या एका वाटाण्याएवढ्या भागात रक्ताची छोटीशी भरती येते. कुत्र्यात येते, सशात येते, सुट्टीच्या आदल्या दिवशी माणसातही येते. आता दुखणार आहे अशी धास्ती असली की दुसऱ्याच भागात भरती येते आणि अंग आकसतं. सशाची कवटी पातळ. दोन कानांच्या मध्ये नऊ ग्रॅमची पट्टी बांधून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडला, की परत येणाऱ्या प्रकाशावरून या दोन्ही भरत्या मोजता येत. दिवसभरात सुखाची भरती जास्त आली तर काटा उजवीकडे: प्राण्याला अजून उद्या हवा आहे. धास्तीची जास्त आली तर डावीकडे. सलग तीन दिवस काटा डावीकडे राहिला की दुसऱ्या चौकोनात आपोआप टिक होई, आणि मालकाला काहीही ठरवावं लागत नसे.

हे शेवटचं वाक्य माहितीपत्रकावर जाड अक्षरात छापलं होतं. यंत्र खपलं ते त्या वाक्यावर. पहिल्या चौकोनात टिक करणारा माणूस आता औषधालाही सापडत नसे. कुणा एका गृहस्थांनी सासऱ्यांसाठी यंत्राची चौकशी केली होती म्हणे. त्यांना नम्रपणे नकार कळवण्यात आला.

धनाजीनं पेन हातात घेतलं. टोपण काढलं. मग परत लावलं.

"मॅडम, काटाच द्या."

त्याचा काट्यावर विश्वास असणं साहजिक होतं. बावीस वर्षं तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसत होता. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर येतो, आकडा उमटतो, भांडण मिटतं. अलीकडे काटा स्वयंचलित झाला होता आणि ट्रॅक्टरही आपले आपण चालत, पण प्रत्येक यंत्राशेजारी एक माणूस असावा असा नियम होता. त्यामुळं दोन यंत्रं एकमेकांशी बोलत तेव्हा दोन माणसं बाजूला चहा पीत. लबाडी मात्र अजून माणसालाच करावी लागे. उसासकट गाडी आणताना पाण्याची टाकी काठोकाठ भरायची, ऊस उतरवून झाला की आडोशाला जाऊन ती ओतायची आणि मग रिकाम्या गाडीचं वजन द्यायचं. तेवढं पाणी ऊस म्हणून खपतं. टाकी भरलेली असली की धनाजी नुसत्या टायरवरून ओळखायचा. मापात पाप त्यानं कुणाचंच चालू दिलं नव्हतं, चुलतभावाचंसुद्धा नाही. चुलतभाऊ तेव्हापासून त्याच्याशी बोलत नसे, आणि धनाजी ही गोष्ट पाहुण्यांना हौसेनं सांगत असे.

घरी त्याची बायको शालन हिनं साहेबांच्या डोक्यावरची पट्टी बघितली.

"मुंडावळ्या बांधल्यागत दिसतंय," ती म्हणाली. "लग्न ठरलंय का जाणं ठरलंय?"

"ते साहेबच सांगणार आता. काटा दाखवेल."

"आणि तुम्ही काय करणार?"

"काट्याशेजारी माणूस लागतो," धनाजी म्हणाला.

काट्याचा पडदा त्यानं देवघराशेजारच्या मोकळ्या खिळ्याला टांगला. नोंदणी करताना पोर्टलनं 'तहसीलदार' हे नाव आहे की पद असं विचारलं. धनाजीनं 'नाव' निवडलं. पोर्टलनं तरीही सावधगिरी म्हणून पुढं 'मा.' लावलं.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. ती जर्मनीत शिकत होती. प्रकाशाचं काहीतरी. नक्की काय ते धनाजीला सांगता येत नसे, पण विषय भारी असावा, कारण विचारणाऱ्यालाही पुढं काही विचारता येत नसे. रोजच्यासारखं "हं, घे, साहेबांशी बोल," म्हणत त्यानं फोन पिंजऱ्यासमोर धरला. केतकीनं तिकडून दोन-चार हाका मारल्या. मग तिनं डॉक्टर काय म्हणाल्या ते विचारलं, आणि धनाजीनं सांगितलं.

फोनमध्ये बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

"तीन आठवड्यांनी मी येतेच आहे, पप्पा," केतकी म्हणाली. "पण त्याला त्रास होत असेल तर माझ्यासाठी थांबू नका."

धनाजीनं यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरंही कानावर पडलं, पण ते तिनं रडत म्हटलं होतं, आणि रडत म्हटलेलं वाक्य धरायचं नसतं असा सोयीचा नियम त्यानं तिथल्या तिथं केला. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्यानं शालनलासुद्धा सांगितलं नसतं. पोरगी रोज फोन करते ती सशासाठी, अशी त्याची खात्री होती. ससा गेल्यावर ती कशाला फोन करेल? आईबापाचा आवाज ऐकायला? असली माणसं त्यानं टीव्हीवर पाहिली होती, पण घरात कधी पाहिली नव्हती. तीन आठवडे साहेब टिकले पाहिजेत. तिनं त्यांना एकदा मांडीवर घेतलं पाहिजे. पुढचं पुढं.

पहिल्या दिवशी काटा डावीकडे राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी धनाजीचा चहा शालननं समोर आपटला आणि ती म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत होईल ओ मोकळा."

धनाजी उठला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं सुक्या केळ्याच्या चकत्यांचा डबा काढला. साहेबांची सगळ्यात आवडती चीज. झाकण टक्कन उघडलं, आणि पिंजऱ्यात अंग चोरून बसलेल्या सशाचा डावा कान उभा राहिला. धनाजीनं पडद्याकडे बघितलं. काटा डावीकडून निघाला आणि झपकन उजव्या टोकाला गेला.

त्यानं चकती पुढं धरली. साहेबांनी वास घेतला, तोंड उघडायला गेले, आणि करकर वाजवत मागं सरकले. खाणं शक्यच नव्हतं. पण काटा अजून उजवीकडेच होता. काटा खाणं मोजत नव्हता, खायला मिळेल ही आशा मोजत होता.

धनाजीनं डबा बंद केला. परत उघडला. काटा परत उडाला.

बावीस वर्षांत शेकडो लोकांनी काठोकाठ भरलेल्या टाक्या घेऊन त्याच्या काट्यावर चाकं चढवली होती, आणि तो प्रत्येकाला म्हणाला होता, "दादा, पाणी ओत, मग ये." त्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि तो डबा एकशे बारा वेळा उघडला.

संध्याकाळी पडद्यावर अक्षरं उमटली: 'मा. तहसीलदार मोहिते यांना अजून राहायचे आहे. अभिनंदन!' शेजारी फुगे उडत होते.

नियम सलग तीन दिवसांचा होता. म्हणजे दोन दिवस काटा डावीकडे गेला तरी बिघडत नव्हतं, फक्त तिसरा दिवस मोडायचा. असा हिशेब सुचायला वजनकाट्यावरचाच माणूस लागतो. धनाजी दर तिसऱ्या दिवशी रजा टाकू लागला. कारखान्यात विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब आजारी आहेत, सोबतीला कुणी नाही."

"कोण साहेब?"

"तहसीलदार."

रजा लगोलग मंजूर झाली, आणि वरून फळांची एक करंडी आली. त्यातली केळी धनाजीनं चकत्या करून वाळत घातली.

सशाला दिवसातून सहा वेळा पिचकारीनं पातळ खाऊ भरवणं, लाळेनं भिजलेली हनुवटी जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपणं, खालचं गवत बदलणं, हे सगळं शालनच करत होती. सहाव्या दिवशी, डब्याचं झाकण चाळिसाव्यांदा वाजल्यावर, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"माणसं मतदारांना गाजर दाखवतात. तुम्ही सशाला दाखवायला लागलात."

"थोडे दिवसांचा प्रश्न आहे."

"तोंडात घास जात नाही त्याच्या, आणि तुम्ही ताट वाजवताय. कुणासाठी चाललंय हे?"

"केतकीसाठी."

"केतकीनं मागितलंय?"

"मागायला कशाला पाहिजे? बाप आहे मी."

"मग दिवस बापाचे घाला की," शालन म्हणाली. "त्याचे कशाला घालताय?"

त्या दिवशी डबा अजून साठ-सत्तर वेळा उघडायचा होता. धनाजी झाकण वाजवत राहिला, आणि प्रत्येक वेळी तो डावा कान उभा राहत गेला. उजवा आता उठत नव्हता. एकदाही काही पोटात गेलं नाही, तरी ससा प्रत्येक वेळी नव्यानं विश्वास ठेवायचा. धनाजीला सगळ्यात लागायचं ते हे. एखाद्या वेळी न फसता तो तसाच पडून राहिला असता तर बरं वाटलं असतं.

अठराव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावून घेतलं. त्यांच्या समोर आसमापीची नोंद होती.

"डावा, डावा, उजवा," डॉ. नसीम बोट फिरवत वाचत गेल्या. "डावा, डावा, उजवा. डावा, डावा, उजवा." मग त्यांनी चष्मा काढला. "ससे कॅलेंडर बघत नाहीत, मोहिते."

धनाजीनं मान खाली घातली. मग सगळं सांगितलं: डबा, झाकण, रजा, केतकी. फळांच्या करंडीचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा टाकी ओतायचीच तर पूर्ण ओतावी.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त कपाटातून तो फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला.

"पहिला चौकोन," त्या म्हणाल्या. "आत्ता टिक करा. मी आत्ता येते तुमच्या घरी."

धनाजीनं पेन घेतलं. चौकोन करंगळीच्या नखाएवढा होता. त्यात आपल्या हातानं रेघ ओढायची, म्हणजे ज्याला आठ वर्षं साहेब म्हटलं त्याला आपणच मारला असं कागदावर राहणार. कायमचं.

"डबा बंद करतो, मॅडम," तो म्हणाला. "आजपासून हात लावत नाही. तीन दिवसांत तो त्याचं तोच सांगेल."

"म्हणजे परत त्याच्यावरच ढकलताय."

"तीनच दिवस."

"त्याचे तीन दिवस केवढे असतात, माहितीय?" डॉक्टर म्हणाल्या, आणि फॉर्म उघडाच टेबलावर ठेवून पुढच्या म्हशीकडं गेल्या.

धनाजीनं शब्द पाळला. डबा त्यानं माळ्यावर टाकला. पहिला दिवस डावीकडे गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी कामावरून घरी येऊन बघतो तर काटा उजव्या टोकाला, आणि थोड्या वेळानं फुगे उडू लागले.

"शालन! डबा कुणी उघडला?"

"तुमच्या हातालाच खाज असते ती. मी कशाला उघडू?"

धनाजीनं नोंद उघडून पाहिली. पहिली उसळी सहा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा त्यानं दारात मोटारसायकल स्टँडला लावली होती. दुसरी सहा अकराला: उंबऱ्याशी चपला काढल्या होत्या. तिसरी, तो खोकला तेव्हा. आधीच्या दोन दिवशीही अशा उसळ्या होत्या, फक्त दिवस फिरवायला कमी पडल्या होत्या. त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

"साहजिक आहे," त्या म्हणाल्या. "झाकणाच्या आधी काय ऐकू येतं? तुमची पावलं. आता ती नुसती आली तरी त्याच्या डोक्यात झाकण वाजतं. डब्याऐवजी तो तुमची वाट बघतोय, मोहिते. तुम्हीच शिकवलंत त्याला."

"मग आता?"

"आता टिक करा. नाहीतर तीन दिवस त्याच्या कानावर तुमचा आवाज पडू देऊ नका. तुमचा नाही, आणि ज्याची ज्याची तो वाट बघतो त्या कुणाचाच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी येणार होती.

तिच्या बॅगेच्या चाकांचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला तसा रात्रीपासून घराबाहेर बसलेला धनाजी चपला अडकवून पळत सुटला. दोन वर्षांनी येणाऱ्या मुलीला त्यानं दोन्ही हात पसरून अडवलं आणि पहिलं वाक्य म्हटलं ते हे: "बोलू नको! आवाज करू नको!"

केतकीला वाटलं घरात मयत झाली. एका अर्थानं तसंच होतं, फक्त ती व्हायची राहिली होती.

समोरचे कदम पुण्याला मुलाकडं गेले होते आणि घराला कुलूप होतं. त्यांच्या ओट्यावर बाप-लेक बसली. रस्त्याच्या पलीकडं बारा पावलांवर स्वतःचं घर, आत ससा, आणि घरात जायला बंदी. सशाकडं शालन होती, कारण तिच्या येण्याजाण्यानं काटा केसभरही हलत नव्हता.

"आठ वर्षं लेंड्या मी काढल्या," शालन दोघांना चहा द्यायला आली तेव्हा म्हणाली. "आणि वाट कुणाची बघतोय, तर टोपण वाजवणाऱ्याची." कप ठेवून ती आत गेली. तिला ते लागलं होतं.

धनाजीनं केतकीला सगळं सांगितलं. तिच्या मांडीवर एक पाकीट होतं, सशासाठी तिकडून आणलेल्या वाळवलेल्या पानांचं.

"मी म्हटलं होतं की माझ्यासाठी थांबू नका," ती शेवटी म्हणाली.

"रडत म्हणालीस."

"मग काय हसत म्हणू?"

गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला. दोघांनी त्याला एकदमच "शू!" केलं. तो बिचारा हातगाडी घेऊन दबकत निघून गेला.

"तू त्याच्यासाठी येणार होतीस," धनाजी म्हणाला. "म्हटलं, तेवढा राहू दे. तो गेला तर तुझा फोन पण..."



"पप्पा, मी फोन तुम्हाला करायचे. 'हॅलो' म्हटलं की तुम्ही म्हणायचात, घे, साहेबांशी बोल. आणि फोन पिंजऱ्यासमोर. दोन वर्षं मी एका सशाला विचारतेय की पप्पांचा गुडघा कसा आहे. तुम्हाला ऐकू जाईल म्हणून."

धनाजीला हे खरंच आठवलं. ती सशाला गुडघ्याचं विचारायची तेव्हा तो हसायचा. म्हणायचा, पोरगी येडी आहे.

"बरा आहे," तो म्हणाला. "गुडघा."

"तुम्ही अजूनही टिक करू शकता," केतकी म्हणाली. "नाहीतर मी करते."

"तू नको करू."

"मग तुम्ही करा."

"परवा संध्याकाळी होईल आपोआप."

केतकीनं पाकीट बॅगेत टाकलं. त्या दिवशी ती त्याच्याशी परत बोलली नाही.

तो दिवस डावीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शालन हात पुसत ओट्याशी आली. नेहमीसारखं तिरकं काही म्हणाली नाही, त्यावरूनच धनाजीला कळलं.

"डोळे उघडत नाही सकाळपासनं. औषध गालातनं बाहेर येतंय. आवाज चालूच आहे दातांचा." मग ती म्हणाली, "काटा पार डाव्या टोकाला टेकलाय. उद्या संध्याकाळी होईल. दीड दिवस राहिला."

दीड दिवस. ओट्यावर असंच बसून राहायचं, आणि उद्या संध्याकाळी दुसऱ्या चौकोनात आपोआप टिक उमटेल. अर्जदाराची स्वतःची इच्छा. धनाजी मोहिते यांचा यात कुठंही हात नाही. गेले तीन आठवडे त्याला हेच तर हवं होतं. त्यानं डोळे मिटले, तर ती खडीवरची सायकल ऐकू यायला लागली. बारा पावलांवरून ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी येत होती.

तो उठला.

"कुठं?" केतकीनं विचारलं.

"घरात."

"पप्पा, तुम्ही आत गेलात तर काटा फिरेल. परत तीन दिवस."

"माहितीय."

रस्ता ओलांडताना तो आधी चवड्यांवर चालला. मग त्याच्या लक्षात आलं की ही पण एक लबाडीच आहे, आणि त्यानं नेहमीसारखं पाऊल टाकलं. उंबऱ्याशी चपला काढल्या. त्या नेहमीसारख्या वाजल्या.

पिंजऱ्यात डावा कान हलला. अर्धा उठला, पडला, परत उठला. धनाजी फरशीवर मांडी घालून बसला आणि त्यानं दार उघडलं. साहेब वीतभर अंतर सरपटत आले. त्याला बराच वेळ लागला. मग त्यांनी ओली हनुवटी धनाजीच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवली. डबा माळ्यावर होता, हात रिकामे होते. पडद्यावर काटा उजव्या टोकाला जाऊन थरथरत होता.

धनाजीनं तिथूनच फोन केला. "मॅडम, या. फॉर्म घेऊन या."

डॉ. नसीम पाऊण तासानं आल्या. त्यांनी आधी सशाला तपासलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"आज हा काटा खोटा नाही, मोहिते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला कळलंय ना? झाकण नाही, काही नाही. याला खरंच तुम्ही हवे आहात."

"हो."

"तरी?"

"तरी."

त्यानं पहिल्या चौकोनात टिक केली. रेघ वाकडी आली, पण चौकोनातच राहिली. त्याखाली एक ओळ होती, जी भरलेली डॉक्टरांनीसुद्धा आजवर पाहिली नव्हती. तिथं छापलं होतं: कारण. धनाजीनं थोडा विचार केला आणि लिहिलं, 'दुखतंय.'

मग त्यानं केतकीला हाक मारली. ती दारातूनच साहेबांशी बोलत आत आली, तो आवाज ओळखून कान परत एकदा उठला, आणि डॉक्टरांनी सुई भरली. शालननं फडकं हनुवटीखाली सरकवलं. दातांची करकर कमी होत गेली आणि थांबली. काटा उजव्या टोकावरून सावकाश खाली आला, मधोमध आला, आणि तिथंच राहिला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. दोन कानांच्या मध्ये केस दबून एक रेघ पडली होती. धनाजी ती बोटानं सारखी करत बसला. ती होत नव्हती.

केतकी त्याच्याशेजारी फरशीवर बसली. तिनं फॉर्म उचलून वाचला.

"तीन आठवड्यांपूर्वी इथंच टिक करता आली असती?" तिनं विचारलं.

"हो."

"तेव्हा काय लिहिलं असतंत? कारण?"

धनाजीनं सशाच्या डोक्यावरून हात काढला नाही.

"हेच," तो म्हणाला.